उकिरड्याची गरम बाजू

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोरींना सांगितलं नाही, देवापुढेसुद्धा कधी तोंडातून काढलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि सांगायला बसले की जीभ आधी खताकडेच वळते — कारण खतातलं मला कळतं, आणि वाईट वागले तेही त्यातच.

लढाईचे दिवस होते. तिसगावजवळ आमचं घर, मागे परस, परसात आड. भाजीपाल्याची सगळी सत्ता माझी. वाफ्यावर नुसती नजर टाकून मी सांगायचे, इथे दोन पाट्या खत पुरे, तिथे तीन. खत मातीत नीट कालवायचं, रोप लावायचं, वरून बाजरीचा भुसा पातळ पसरायचा म्हणजे ओल टिकते — पण तो बुंध्याला चिकटू द्यायचा नाही, नाही तर वाळवी लागते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला माझी वांगी दाखवायच्या. मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

मग धाकटी जाऊ आली, यमुना. जामखेडकडची. तिथे प्यायच्या पाण्याची मारामार, परसबाग कुठली असणार? बिचारी आक्का आक्का करत माझ्या मागे-मागे असायची. तिचं पहिलं मूल महिन्याच्या आत गेलं. मग गाय आटली, विरजण नासलं — घरात जे बिघडेल ते यमुनेच्या हाताने बिघडलं असं होऊन बसलं. दिराचं दुसरं लग्न करावं अशी कुजबुज सुरू झाली. आत्याबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी तिला एक वाफा दिला. म्हणाल्या, "वांगी लाव. जगली तर कुनाला बोलू देनार न्हाई मी." आणि मला म्हणाल्या, हिला खत दाखव.

म्हणजे मला ठाऊक होतं. तो वाफा नव्हता, तिचा संसार होता — हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमचा उकिरडा दोन बाजूंचा. एकीकडे वर्षभर कुजलेलं, काळं, भुसभुशीत खत. हात घातला तर गार. दुसरीकडे ताजं शेण आणि शेळ्यांच्या लेंड्या. तिथे हात घातला की आतून चटका बसायचा. कच्चं खत मुळं जाळतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू? कोण विश्वास ठेवेल? मी तिला गरम बाजू दाखवली. दोन पाट्या पुरल्या असत्या तिथे सहा घालायला सांगितल्या. भुसाही बुंध्यापर्यंत दडपून घ्यायला लावला. ती अगदी मन लावून करत होती.

का केलं? तिचा राग नव्हता मला. तिने माझं काय घेतलं होतं — एक वाफा, तोही आत्याबाईंनी दिलेला. पण तो माझा होता. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

रोपं आधी पिवळी पडली, मग कडांनी करपली, मग त्यांनी माना टाकल्या. यमुना आडाचं पाणी शेंदशेंदून घालत राहिली. आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पिकल्यालं खत दावलं हुतंस ना गं?"

इथे थांबता आलं असतं. आत्याबाई चार दिवस बोलल्या नसत्या माझ्याशी — दुसरं काय झालं असतं?

"व्हय," मी म्हणाले.

तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. निघताना ती माझ्या पाया पडली. तुम्ही नीट शिकवलंत आक्का, म्हणाली, माझ्याच हाताला यश नाही. मी तिला ओटी भरून वाटेला लावली. दिराचं दुसरं लग्न झालं, त्यात पुरणही मीच वाटलं.

पुढे काही वर्षांनी ती तिसगावच्या बाजारात दिसली, भावजयीबरोबर. भावजय बांगड्या भरायला बसली होती, मांडीवर तान्हं पोर. कासारीण म्हणाली, पोर नणंदेकडे द्या की. भावजय ऐकू न आल्यासारखी बसून राहिली. आणि यमुनेने — कुणी काही म्हणायच्या आधीच — आपले दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. सवय झालेली दिसत होती. मग तिची नजर माझ्याकडे गेली, आणि ती हसली.

"आक्कांकडं दे," ती भावजयीला म्हणाली. "त्यांचा हात लई गुनाचा हाय."

मी पोर घेतलं. बांगड्या भरून होईपर्यंत त्याला खेळवलं.