डाव्या पॉकेटवरचा बॉल

“ताई, हा माणूस नाटक करतोय. तुम्ही याला बाहेर काढा, नाहीतर मी खेळत नाही.”

केदारने क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेबलवर आडवा ठेवला आणि हाताची घडी घातली. रविवारची दुपार होती. माझ्या पूल पार्लरमध्ये पाचही टेबलं चालू होती, पण त्याचा आवाज ऐकून चार टेबलांवरचा खेळ थांबला. समोर उभे असलेले दिलीप गांगुर्डे आपल्या क्यूच्या टोकाला खडू घासत होते. त्यांना हे आपल्याबद्दल चाललंय हेच कळलं नव्हतं, असं वाटत होतं.

मी गंगापूर रोडला गेली बरीच वर्षं हे पार्लर चालवते. त्याआधी स्पर्धांमध्ये रेफरी म्हणून उभी राहायचे. त्यामुळे आमच्याकडे टूर्नामेंट असली की नियम, ड्रॉ आणि भांडणं, तिन्ही माझ्याकडे. यंदा पहिल्यांदाच मी हँडिकॅप टूर्नामेंट ठेवली होती. म्हणजे काय, तर कच्च्या खेळाडूला पक्क्याशी बरोबरीने खेळता यावं म्हणून थोडी सूट द्यायची. मी प्रत्येकाला एक ते सात असं रेटिंग दिलं होतं. केदार सहा, म्हणून त्याला मॅच जिंकायला पाच फ्रेम, म्हणजे पाच डाव, लागणार होत्या. दिलीपभाऊ तीन, त्यांना तीनच फ्रेम पुरणार होत्या.

भानगड त्या तीनमध्येच होती. चार-पाच महिन्यांपूर्वी दिलीपभाऊंना मी डोळे झाकून सहा दिलं असतं. चाळिशीचा माणूस, दिंडोरीकडचा, शांत. सिडकोत स्वतःची स्कूल व्हॅन चालवायचे. सकाळी मुलं शाळेत सोडली की तासभर माझ्याकडे यायचे. कुणाचं शिकवणं नाही, पुस्तक नाही, पण त्यांचा अँगल क्वचित चुकायचा. मग अलीकडे त्यांचा खेळ एकदम घसरला. हातभर अंतरावरचे बॉल सोडायचे. नवशिक्या पोरींकडून हरायचे. टूर्नामेंटसाठी मी सगळ्यांचा खेळ आठवडा-दोन आठवडे बघितला आणि जे दिसलं त्यावर रेटिंग दिलं.

अशा स्पर्धेत लबाडीचा एकच मोठा प्रकार असतो. आधी मुद्दाम वाईट खेळायचं, रेटिंग खाली आणायचं आणि स्पर्धेत खरा खेळ काढायचा. इंग्रजीत त्याला सँडबॅगिंग म्हणतात. आमच्याकडची मुलं म्हणतात, नाटक.

आणि त्या दिवशी दिलीपभाऊंचा खेळ तंतोतंत नाटकासारखा दिसत होता. उजवीकडे कोपऱ्यात टेबलभर लांबचा पॉट, म्हणजे बॉल थेट पॉकेटच्या भोकात, त्यांनी असा घातला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच फटक्याला डावीकडचा सोपा बॉल वीतभर चुकला. केदार तीन, दिलीपभाऊ दोन. अजून एक फ्रेम घेतली की मॅच त्यांची.

“दिलीपभाऊ,” मी म्हटलं, “केदार काय म्हणतोय ऐकलंत का?”

“काय म्हणतोय?”

“तुम्ही मुद्दाम चुकताय म्हणतोय.”

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. “मला काय हौस हाय का ताई, पोरांपुढं हसं करून घ्यायची?”

मी केदारला सांगितलं, ही फ्रेम पूर्ण कर, मी स्वतः टेबलापाशी उभी राहते. मनातून मलाही तोच संशय होता, आणि लबाडी पकडली तर त्यांना बाद करायचं हे मी ठरवून टाकलं होतं. मी खुर्ची सोडून टेबलाच्या कडेला गेले.

फ्रेम शेवटाला आली. आठ बॉलच्या खेळात आपापल्या गटाचे सात बॉल घालायचे आणि मग शेवटी काळा. गटाचा एक जरी बाकी असताना काळा घातला तर फ्रेम गेली. दिलीपभाऊंचा एकच पिवळा उरला होता. केदारचा फटका चुकला आणि त्याच्या बॉलच्या धक्क्याने तो पिवळा घरंगळत डावीकडच्या मधल्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. फुंकर मारली असती तरी पडला असता. फटका मारायचा पांढरा बॉल टेबलाच्या टोकाला, दिलीपभाऊंच्या पुढ्यात. पिवळा घालायचा, मग काळा, की संपलं.

त्यांनी वाकून नेम धरला. क्यूचं टोक उजवीकडे वळलं. मला काही कळायच्या आत त्यांनी काळा बॉल उजव्या कोपऱ्यात घातला. सुंदर पॉट होता. मग ते ताठ उभे राहिले, क्यू काखेत धरला आणि केदारशी हात मिळवायला पुढे झाले.

कुणीतरी मोठ्याने हसलं.

केदार म्हणाला, “भाऊ, तुमचा पिवळा बाकी आहे.”

“कुठं? तुझ्या फटक्यात गेला ना तो.”

“अहो, तो काय समोर.”

दिलीपभाऊंनी टेबलावर नजर टाकली. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते शोधत होते. हिरव्या कापडावर पिवळा बॉल, एवढ्या लखलखीत दिव्याखाली, आणि हा माणूस तो शोधत होता. “कुठाय?” ते पुन्हा म्हणाले. “दाखव ना.”

नाटक करणारा माणूस जिंकायच्या क्षणी नाटक करत नाही. सगळा खटाटोप त्याच क्षणासाठी असतो. आणि एकदम मला आठवलं, त्यांचे चुकलेले सगळे पॉट डावीकडचे होते. उजवीकडचा एकही नव्हता.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या वडिलांच्या आजारपणात डॉक्टरांनी असं करताना मी पाहिलं होतं. “दिलीपभाऊ, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही.” मी दोन्ही हात बाजूला पसरले आणि दोन्ही हातांची बोटं हलवायला लागले. “कुठला हात हलतोय?”

“हा.” त्यांनी त्यांच्या उजवीकडे बोट दाखवलं.

“आणि दुसरा?”

“दुसरा कुठं वर केलाय तुम्ही?”

माझे दोन्ही हात हवेत होते आणि ते खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं. केदारने हळूच विचारलं, “ताई, हे काय आहे?” मला माहीत नव्हतं.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. डोकं दुखलं होतं का कधी, विचारलं. ते म्हणाले, मध्यंतरी एका सकाळी लय दुखलं, पित्त असेल म्हणून गोळी घेतली आणि झोपलो. नंतर काही त्रास नाही. मग स्वतःच थांबून म्हणाले, “व्हॅनचा आरसा गेला मागल्या आठवड्यात. डावा. मी त्या रिक्षावाल्याला काय काय बोललो.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. व्हॅन. आपल्याकडे मुलं डाव्या दारानेच चढतात आणि उतरतात. रोज सकाळ-दुपार या माणसाच्या डाव्या बाजूला पाठीला दप्तरं लावलेली बालवाडीची मुलं असायची, आणि ती बाजू त्याला दिसतच नव्हती.

“किल्ली द्या,” मी म्हटलं.

“कशाची?”

“व्हॅनची. खाली लावलीय ना?”

“ताई, सकाळी पोरांना न्यायचंय. परीक्षा चालू हायेत त्यांच्या.”

“तुम्ही नाही न्यायचं.”

“मला दिसतंय हो! तुम्ही दिसताय, केदार दिसतोय...”

“केदार तुमच्या उजवीकडे उभा आहे. डावीकडे कोण आहे?”

त्यांनी मान वळवली. त्यांच्या डाव्या खांद्याला लागून आमचा एक खेळाडू मघापासून पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. त्याला पाहून दिलीपभाऊ दचकले. खरोखर दचकले, अंधारात कुणी अंगावर आल्यासारखे. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

केदार म्हणाला, “मी गाडी काढतो.”

मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलमध्ये त्यांचा स्कॅन झाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांकडून आलेलं चित्र मेंदूच्या मागच्या भागात समजतं, तिथला रक्तपुरवठा मध्यंतरी अडला होता. म्हणजे छोटा स्ट्रोक. त्यात दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. पुष्कळांना ते कळतच नाही, कारण तिथे काळोख दिसत नाही, नुसतं काहीच नसतं. “आणि गाडी?” केदारने विचारलं. “चालवायची नाही,” बाई म्हणाल्या. “आजपासून.”

त्यांची बायको रेखा धावतपळत आली. सगळं ऐकून ती बाकावर बसली आणि म्हणाली, “ताटातली चटणी, कोशिंबीर रोज तशीच राहायची. मी म्हणायचे, यांना आता माझ्या हातची चव नको झाली. दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.”

केदार कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने परत आला आणि मला म्हणाला, “ताई, मी त्यांना सगळ्यांसमोर चोर ठरवलं.” मी त्यांना बाद करायला टेबलापाशी गेले होते.

व्हॅन आता रेखाचा भाऊ चालवतो. पालकांना दिलीपभाऊंनी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. काही जण खूप बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. दोन घरांनी मुलं दुसऱ्या व्हॅनला लावली. औषधांनी आणि व्यायामांनी त्यांची नजर थोडी परतली, सगळी नाही. गाडीवर ते पुन्हा बसले नाहीत. रेखाच्या शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक बघतात आणि ते काम त्यांना मनापासून आवडत नाही, हेही सांगतात. माझ्याकडे मात्र येतात. प्रत्येक फटक्याआधी मान वळवून टेबलाची डावी कड बघायची, असं डॉक्टरांनी शिकवलंय. वेळ लागतो. त्यांच्यासमोर खेळणारे थांबतात.

टूर्नामेंट पुढच्या रविवारी पुरी केली. केदार पुढे गेला आणि दोन रेटिंगच्या एका कॉलेजच्या मुलीकडून हरला. त्याने तक्रार केली नाही.

हँडिकॅप टूर्नामेंट मी अजूनही घेते. लबाडी करणारे दर वेळी दोन-चार निघतातच आणि त्यांना मी बाद करते. पण कुणाचा खेळ अचानक पडला, तर रेटिंग बदलायच्या आधी त्या माणसाला बाजूला घेऊन चहा पाजते आणि तब्येत विचारते. दहापैकी नऊ जण म्हणतात, काही नाही ताई, ऑफिसचं टेन्शन. तरी त्यांना माझ्या नाकाकडे बघायला लावते. ते हसतात. मी हात हलवून बघते आणि मगच आकडा लिहिते.