रापणीचा वाटा आणि सामंत गुरुजी

किनाऱ्यावरून ओढलेलं रापणीचं जाळं वाळूला टेकलं की सामंत गुरुजी पळत सुटत. धोतराचा काचा मारलेला, अंगात घामाने भिजलेली बंडी, दोन्ही हातांत एकेक वहाण. आणि त्यांच्या मागे माझी बायोआत्या, दोरीत ओवलेले बांगडे उंच धरून. देवबागेत नवखा आलेला माणूस हे पाहून गुरुजींनी मासे चोरले असावेत अशी समजूत करून घेई. खरी गोष्ट उलटी होती. मासे गुरुजींचेच होते, आणि ते त्यांना नको होते.

गुरुजी मूळचे कुडाळकडचे. आमच्या वाडीतल्या मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून आले आणि इथेच रमले. रापण ओढणाऱ्या घरातला मुलगा पुढे शिकू शकतो हे माझ्या वडिलांच्या गळी त्यांनीच उतरवलं. मी मालवणच्या हायस्कुलातून मॅट्रिक होऊन परत आलो तेव्हा स्कूल बोर्डात खटपट करून त्यांनी मला आपल्या हाताखाली मास्तर म्हणून घेतलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर ओळखत नव्हतं. आज जे चार शब्द लिहितो आहे, ते त्यांचे आहेत.

देह मात्र भारी. खुर्चीत बसले की उठताना खुर्चीही थोडी सोबत येई. मुलं हसली तर रागावत नसत. म्हणत, "हसा. पण वजाबाकी चुकू नका, माझी चुकली ती चुकली."

एका दुपारी फळ्यावर नकाशा काढता काढता ते खाली बसले, ते फळ्यासकटच. मुलांनी पाणी आणलं, मी होडी आणली. मालवणच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की हृदय चांगलं आहे, पण ते एका माणसापुरतं आहे आणि गुरुजी त्याच्याकडून दोन माणसांचं काम करून घेत आहेत. वजन उतरवा, घाम गाळा, नाहीतर शाळा सोडा.

ही बातमी बोर्डाच्या शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी निरोप धाडला की पावसाळ्यापूर्वी येऊन बघेन. हेडमास्तर कामाला धड नसतील तर त्यांना घरी बसवून शाळा मालवणच्या शाळेत विलीन करावी लागेल, कारण मी ट्रेनिंग न झालेला, माझ्या हाती शाळा देता येत नव्हती. मालवण होडीने आम्हाला लांब नव्हतं, पण रोज वाळूतून एवढी पायपीट करायला वाडीतलं एकही पोर गेलं नसतं, आणि मुलींना तर कोणी धाडलंच नसतं. शाळा गेली असती म्हणजे कायमचीच गेली असती.

गुरुजींनी मनावर घेतलं. म्हणाले, "वसंता, आजवर कवायतीला मी फक्त शिट्टी वाजवली. आता शिट्टी तू घे."

पहिला धडा सूर्यनमस्कारांचा. शाळेच्या पडवीत चटई घातली. गुरुजी वाकले, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, इथवर सगळं शास्त्राप्रमाणे. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी घाबरून हाक मारली तेव्हा चटईतून आवाज आला, "खाली जाणं या इयत्तेत जमलं. वर येणं पुढच्या इयत्तेत घेऊ. तूर्त हात दे."

दुसरा धडा चालण्याचा. सकाळी उठून वाडीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पण ज्यांच्या हाताखालून वाडीतली निम्मी पोरं शिकून गेली, ते गुरुजी दारावरून जाणार आणि घरातलं माणूस बोलावणार नाही, असं आमच्याकडे होत नाही. एका घरी घावणे, दुसऱ्या घरी कणग्याचे उकडलेले कंद, तिसऱ्या घरी नुसता चहा पण त्याबरोबर गुळाचं खाजं. नाही म्हणणं गुरुजींना येत नसे. तासाभराने घरी आले की ढेकर देत ओटीवर बसत. काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, विचारत की आपण चालायला गेला होतात की जेवणावळीला.

तेव्हा मीच रापणीचं सुचवलं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धा फेर मारून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर असतात आणि माणसं रांगेने त्या ओढतात. टाचा वाळूत रोवून मागे मागे जायचं. याहून मोठा व्यायाम आमच्या गावात नाही, आणि त्याला कोणी व्यायाम म्हणतही नाही.

पहिल्या दिवशी गुरुजी रांगेत उभे राहिले. बायोआत्या त्यांच्या मागेच होती. विधवा बाई, रापणीत पुरुषांच्या बरोबरीने ओढणारी आणि मासळीचे वाटे घालणारी. तिच्या वाट्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही. थोडा वेळ तिने पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजींनु, दोरी वोडूची आसता. तिचो आधार घेवचो नसता."

गुरुजींनी मग खरोखर ओढलं. हात सोलले, धोतर चिंब झालं, तोंड पिकल्या रातांब्यासारखं लाल झालं. पण डोळ्यांत असा आनंद की जणू नकाशातला समुद्र आज पहिल्यांदा ओला लागला. जाळं वर आलं आणि बायोआत्याने बांगडे-पेडव्यांचा ढीग त्यांच्यापुढे सरकवला. गुरुजींना कळेना. ते म्हणाले की मी तर प्रकृतीसाठी आलो. आत्याने वर न बघताच उत्तर दिलं, "जेचो हात, तेचो वाटो."

झालं. रोज सकाळी गुरुजी घाम गाळत आणि रोज दुपारी काकी तो भरून काढत. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, कुरकुरीत तळलेले पेडवे, वर सोलकढी. व्यायामाने भूकही अशी लागे की भात पुरेना. महिन्याने आम्ही मालवणच्या बाजारात, सुरुवातीला वजन केलं होतं त्याच खोबऱ्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर त्यांना बसवलं. व्यापारी दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत राहिला, टाकतच राहिला. शेवटी म्हणाला, "गुरुजी, असला व्यायाम मलाही सांगा. गेल्या खेपेपेक्षा भरलात."

परतताना गुरुजी होडीत आपल्या पोटाकडे बघत बसले. किनारा जवळ आला तेव्हा एवढंच बोलले की शाळेला आपण खातो आहोत, वसंता, अक्षरशः खातो आहोत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला हात जोडून विनंती केली की मला वाटा देऊ नका. आत्याच्या हातातलं टोपलं थांबलं. तिच्या लेखी ही थट्टेची गोष्ट नव्हती. म्हणाली, "आज तुमी दर्याक नाय म्हणतास, उद्या दर्यो आमका नाय म्हणतलो." घरी नेऊन दुसऱ्याला देतो, असंही तिला चालेना, आणि मासे काकींच्या चुलीवर चढल्यावर त्या वासासमोर गुरुजी टिकणार नाहीत हे गुरुजींनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी मास्तरी डोकं चालवलं. ओढायचं सगळं, पण जाळं टेकलं की वाटे घालायच्या आत दोरी सोडून पळायचं. माणूसच नाही तर वाटा द्यायचा कोणाला?

पण आत्या कोणाचा वाटा ठेवून घेणारी नव्हती. पहिल्या दिवशी तिने त्यांना उपड्या घातलेल्या होडीपाशीच गाठलं आणि मासे गळ्यात घातले. "पळान खंय जातलास? वाडी केवढी ती." हळूहळू अंतर वाढायला लागलं. रापणकर दोऱ्या गुंडाळता गुंडाळता माना वळवून बघत. आज सुरूच्या बनापर्यंत गेले, आज बन ओलांडलं. कोणी गुरुजींच्या बाजूचे, कोणी आत्याच्या. माझे वडील, जन्मात कोणाची बाजू न घेणारे, तेसुद्धा एकदा ओरडले, "गुरुजींनु, वल्या रेतयेरसून धावा, पाय रुततले नाय." आत्या त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

वैशाखात गुरुजींचं धोतर सैल झालं. खुर्ची आता जागेवरच राहू लागली. आणि एके सकाळी, कळवलेल्या दिवसाच्या आधीच, तारकर्लीच्या बाजूने किनाऱ्या-किनाऱ्याने डिपोटीसाहेब चालत आले. डोक्यावर टोपी, बगलेत छत्री, बूट वाळूने भरलेले. बूट झाडायला एका पायावर उभे राहिले, तोल गेला म्हणून आमची दोरी धरली आणि लाट ओसरेपर्यंत धरूनच राहिले. नेमके तेव्हाच गुरुजी त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखे गेले. मागून आत्या.

साहेबांनी मला विचारलं, "हा माणूस कोण? काय चोरलं त्याने?"

मी शाळेत शिकवल्याप्रमाणे ताठ उभा राहून सांगितलं की ते आमचे हेडमास्तर आहेत, आणि त्यांनी काही घेतलेलं नाही, म्हणूनच पळत आहेत.

साहेब लांबवर बघत राहिले. गुरुजी ठिपक्याएवढे झाले होते. आत्या बनाजवळून रिकामी, धापा टाकत परत आली. तिने साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मासे त्यांच्यापुढे धरले. दोरीला हात लागलेला तिने पाहिला होता. साहेब दचकून मागे सरले. सरकारी माणसाला शाळेच्या गावात असं काही घेता येत नाही, त्याला लाच म्हणतात, असं त्यांनी समजावलं.

"लाच काम न करता गावता," आत्या म्हणाली. "तुमी दोरी धरलास."

ते मासे दुपारी काकींनी रांधले आणि साहेबांनी गुरुजींच्या ओटीवर बसून दोनदा भात मागून घेतला. हात धुताना म्हणाले की डॉक्टरच्या दाखल्याची मला गरज नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळा इथेच राहील.

दुसऱ्या सकाळी गुरुजींनी दोरी सोडली नाही. वाटे घालायची वेळ येईपर्यंत थांबले आणि हसत हात पुढे केले. आत्याने सगळ्यांना वाटे घातले, त्यांना सोडून. गुरुजी म्हणाले, "बायो, माझा वाटा?"

"शाळा ऱ्हवली ती तुमी धावलास म्हणान. साहेब परतून येतलो. धावा."

दर्याचा नियम तिने मोडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. गुरुजींनी वहाणा हातात घेतल्या आणि ते निघाले. त्या दिवसापासून पाठीमागे कोणी नसतानाही ते पळत.

नोकरी पुरी होईपर्यंत ते आमच्या वाडीत राहिले. तोवर माझं ट्रेनिंग झालं, नोकरी सांभाळून मी बाहेरून बी.ए. झालो. वाडीतला पहिला. निकाल कळला तेव्हा गुरुजी माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग हेडमास्तरकी माझ्याकडे देऊन झाल्यावर, एका सकाळी, ते शेवटचे रापणीला आले. कुडाळला जायचं सामान होडीत भरलेलं होतं. मीही त्यांच्या शेजारी दोरी ओढत होतो. जाळं वर आलं. आत्या आता म्हातारी झाली होती, पण वाटे तीच घाली. तिने त्यात गावलेली सगळ्यात मोठी सुरमई उचलून गुरुजींच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"आता घेवा," ती म्हणाली. "आता शाळा ह्येची."

 गुरुजींनी मासा छातीशी धरला, बंडी ओली झाली तरी तसाच. मी खाली बघत होतो, म्हणून आत्या माझ्याकडे बघते आहे हे उशिरा कळलं. ती माझ्या पोटाकडे बघत होती. पदवी आणि हेडमास्तरकी यांच्या मधल्या काळात तिथे बरंच काही जमलं होतं. तिने वाकून दोन बांगडे उचलले.

"झिला," तिने मला हाक मारली.

मी दोरी सोडली.