दही न घेता निघाले

मोठ्या आतड्याच्या सुजेशी माझं बारा वर्षांचं भांडण. त्यातली शेवटची तीन वर्षं ती अगदी गप्प होती. ना रक्त, ना कळा. पणदऱ्यात, आमच्या गावी, गाईंच्या धारा काढत होते, उसाला पाणी देत होते. म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तेव्हा मला रागच आला. बरं असताना ही भानगड कशाला? ते म्हणाले, "दुखणं थांबलंय, पण आतडं इतकी वर्षं सुजत राहिलंय. अशा आतड्यात कॅन्सरचा धोका वाढतो आणि सुरुवातीला तो कळत नाही. आत बघायलाच हवं."

घरी येईपर्यंत राग गेला, भीती बसली. आणि भीती बसली की मी हट्टाला पेटते. तपासणी करायचीच, असं ठरवलं.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्याले. खारट, गुळमट, तोंडात धरवत नाही असं. सकाळी उंबऱ्यावर सासूबाई दही-साखर घेऊन उभ्या. आमच्याकडे परीक्षा असो नाहीतर कोर्टाची तारीख, हातावर दही घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. मीही सवयीनं तळहात पुढं केला आणि चाटून टाकलं. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, भूल घ्यायची तर पोट रिकामं लागतं. खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली. ते औषध पुन्हा प्यायचं या विचारानं मी एसटी स्टँडवर चक्क रडले.

पुढच्या आठवड्यात सासूबाई वाटी घेऊन पुन्हा हजर.

"आत्या, आज न्हाय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं, बोटाला लागंल एवढंच. तशीच जाऊ नगं, वंगाळ असतंय."

मी हात मागं घेतले, चपला घातल्या आणि निघाले.

अहवाल आला. आतड्यात एका जागी पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. डॉक्टरांनी तेवढा भाग तपासणीतच काढून घेतला होता. घरी हे सांगितलं तशा सासूबाई म्हणाल्या,

"म्हणलं हुतं ना? दही न घेता गेलीस."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला. "ते आधीपासनंच हुतं, आत्या! गेले म्हणून घावलं. बरं वाटतंय म्हणून घरी बसले असते, तर माझी पोरं तुमालाच सांभाळाया लागली असती."

त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "परत कवा जायाचं?"

"सहा महिन्यांनी."

"आन् त्याच्या मागनं?"

"जित्ती हाय तवर जाणार."