कळंब्याच्या खोलीतलं गुरुत्वाकर्षण

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर डबा होता आणि डब्यात कापसात गुंडाळलेली नखाएवढी चकती. सातारा मागे पडल्यावर शेजारच्या काकूंना राहवलं नाही.

"डब्यात देव हाय काय? खाली ठेवत न्हाईसा."

"यंत्राचा भाग आहे. धक्का लागला तर फुकट जाईल."

"मग माज्याकडं द्या की. वाईच पाठ टेका."

कराडपर्यंत डबा त्यांच्या ओंजळीत होता.

कोल्हापूरला वंदना न्यायला आली. आम्ही एमएस्सीला एकत्र होतो. आता ती इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. कळंब्याला वडिलांच्या घरामागच्या दगडी खोलीत तिने काही वर्षं खपून एक नाजूक तराजू उभा केला होता. हवा काढून घेतलेल्या काचेच्या हंडीत बारीक तारेला टांगलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला मणी. त्या मण्यापाशी, केसाच्या जाडीहूनही जवळ, धातू आणला की दांडी किंचित वळायची. पण ती हिशेबापेक्षा जास्त वळत होती. इतक्या कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण जोर धरत असावं, असं वंदनाला वाटू लागलं होतं. शनिवारी त्यावर तिचं व्याख्यान ठरलं होतं.

शंका एकच होती. क्वांटम सिद्धांतानुसार पोकळी पूर्ण रिकामी नसते. अगदी जवळ आलेल्या दोन धातूंना तीच एकमेकांकडे ढकलते. जास्तीची ओढ तिचीच तर नसेल? हे बळ पृष्ठभागावर ठरतं, गुरुत्वाकर्षण मात्र आतल्या वस्तुमानावर. माझी चकती अर्धी सोन्याची, अर्धी हलक्या सिलिकॉनची होती आणि दोन्ही अर्ध्यांवर सोन्याचा सारखाच थर. जास्तीची ओढ गुरुत्वाकर्षणाची असेल, तर सोन्याच्या बाजूला ती जास्त भरणार.

"व्याख्यान होऊ दे, मग बघू," मी सुचवलं.

"आधी बघू," ती म्हणाली.

"या पावणं," म्हणत तिच्या वडिलांनी, आबांनी, माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम पेय) समोर ठेवलं. तेवढ्यात वीज गेली. भारनियमन. पंप थांबला, हंडीत हवा शिरली, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गेले की दांडीचं वळणं दाखवणारा भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका थरथरायचा. आम्ही ते जाईपर्यंत हात बांधून बसायचो.

शुक्रवारी ठिपका स्थिर झाला. दोन्ही बाजूंना दांडी सारखीच वळली. वंदनाने चकती फिरवून लावली. तरी सारखीच.

ती बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली. आबा गोठ्यातून आले.

"घावलं न्हाय म्हणायचं?"

"न्हाय आबा. ती ओढ वरच्या थराचीच हाय."

आबा तिच्याशेजारी टेकले. "मग उद्या काय सांगणार?"

"हेच."

"लोक हसतील."

"हसू देत की."

शनिवारी ती उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "मला जे सापडलं असं वाटत होतं, ते सापडलेलं नाही." मागच्या रांगेतून दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे शेवटपर्यंत बसले.

परतीच्या एसटीने पंचगंगा ओलांडली. कोल्हापुरात काय पाहिलंस, असं घरी विचारतील. रंकाळा राहिला, देवीचं देऊळही राहिलं. व्याख्यानाहून परतल्यावर साडीचा पदर खोचून वंदनाने पंप पुन्हा सुरू केला होता. वरच्या थरात ती जास्तीची ओढ मग नेमकी कशामुळे येते, हे तिला शोधायचं होतं. मी पाहिलं ते एवढंच, आणि त्यासाठी मी पुन्हा तिथे जाईन.