खड्ड्यातलं विरजण

मलकापूरच्या पुढं, डोंगराकडेच्या वाडीत राहणाऱ्या बायडाबाईनं गोबरगॅसचा खड्डा वीस वर्षं जिवापाड सांभाळला. नवरा लवकर गेला. दोन म्हशी, थोडं भात आणि एकुलती लेक संयोगिता, एवढाच तिचा संसार. रोज सकाळी शेण-पाणी हातानं कालवून ती खड्ड्यात सोडायची. संडासही त्यालाच जोडलेला. त्यावरनं कुणी नाक मुरडलं, की ती तोंडावर सांगायची, "मग च्या पिऊ नगासा, पावणं."

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी संयोगिता सुट्टीला आली की खड्ड्यापाशीच घुटमळायची.

"आई, ह्यातलं गॅस करणारं जीव लई जुन्या खानदानातलं हायत. हवेत ऑक्सिजनच नव्हता, तवा समुद्राच्या तळाला, अंधारात, खडकातनं येणारा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला जोडायचा आणि त्यातनं ताकद मिळवायची. पयलं जीव असंच जगलं असतील, म्हणत्यात. हे अजून तसंच जगत्यात."

"म्हंजे माझ्या खड्ड्यात पणज्या बसल्यात व्हय?"

"व्हय. आणि पणज्यांच्या अंगावर फिनेल वतायचं न्हाय. मरत्यात."

शेजारच्या धोंडुबाईचा नवा खड्डा गेल्या वर्षी सुरू झाला, तो इथल्याच शेणकाल्याच्या विरजणावर. दहा बादल्या संयोगितानंच नेऊन ओतल्या.

यंदा श्रावणात तिला डेंगी झाला. पाच दिवसांत पोर गेली. तेवीस वर्षांची, हसतीखेळती!

तेराव्याला घर धुताना बायडाबाईनं फिनेलच्या पाच बाटल्या संडासात रिकाम्या केल्या. आजारपणाचा वास जावा, एवढंच डोक्यात होतं. आठवड्याभरात शेगडी विझली, आणि मग तिला पोरीचं बोलणं आठवलं. दुःखात कुणाची अक्कल ठिकाणावर राहते? पण हे तिला कोण सांगणार! पोरीनं बजावलेली एक गोष्ट आपण पाळली नाही, म्हणून ती खड्ड्याच्या कडेला बसून ऊर बडवून रडली. मयतीच्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

धोंडुबाईला राहवलं नाही. गडी लावून तिनं खड्डा उपसून घेतला, ताजं शेण भरलं आणि आपल्या खड्ड्यातल्या दहा बादल्या आणून ओतल्या.

महिन्याभरानं शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. धोंडुबाईला हायसं वाटलं. "बघ बायडा, आल्या का न्हाय तुझ्या पणज्या परत?"

बायडाबाईनं ज्योतीवर चहाचं भांडं चढवलं.

"ह्यांचं बरं हाय गं. थोड्या तुझ्याकडं हुत्या," ती म्हणाली. "माझी एकच हुती की."