जरा सफाई करा

फोटो स्टुडिओत फोटो साठत नाहीत, ते गिऱ्हाईक घेऊन जातं. मागे राहतात विसरलेले कंगवे आणि किस्से. कंगवे मी दर दिवाळीच्या झाडलोटीत टाकून द्यायचो. किस्से टाकवत नाहीत, कारण त्यातली निम्मी मंडळी अजून बाजारात भेटतात आणि मला बघून रस्ता बदलतात!

हिंगोलीत एसटी स्टँडच्या अलीकडे माझा स्टुडिओ होता. गोष्ट नव्वदच्या दशकातली आणि त्याच्या पुढच्या काही वर्षांची. फोटो मी काढायचो आणि तोंडं गफूरभाई दुरुस्त करायचे. गफूरभाई म्हणजे आमचे रिटचिंगवाले. एका डोळ्याला भिंग, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल, काचेवर निगेटिव्ह आणि काचेखाली दिवा. निगेटिव्हवरच्या सुरकुतीत पेन्सिल हलकी भरली की छापलेल्या फोटोत ती सुरकुती गायब.

याला आमच्याकडे कुणी रिटचिंग म्हणत नसे. शब्द एकच होता, सफाई. चाळिशी ओलांडलेलं गिऱ्हाईक स्टुलावर बसण्याआधी मागे कोणी नाही ना बघायचं आणि हळूच म्हणायचं, “जरा सफाई करा बरं का!” जसं काही तोंडाला जळमटं लागलीत.

गफूरभाईंचं धोरण सरळ होतं. “ऊपरवाले ने लिखा, ये लोगां मिटाने कू बोलते. मैं कैकू नक्को बोलूँ?”

*

शिरड शहापूरकडचे एक हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते. निरोप समारंभाच्या पत्रिकेवर फोटो छापायचा होता. सर स्टुलावर बसले, टाय नीट केला आणि म्हणाले, “सफाई करा, पण नॅचरल वाटलं पाहिजे.”

गफूरभाई आतून म्हणाले, “सर, नॅचरल तो तुम आतेच लेके आए थे!”

सरांनी दोनदा प्रिंट परत पाठवली. गळ्याची कातडी लोंबते म्हणे. डोळ्याखालच्या पिशव्या दिसतात म्हणे. तिसऱ्यांदा गफूरभाईंनी हात सैल सोडला आणि सर पस्तिशीचे झाले.

समारंभाला प्रमुख पाहुणे परगावचे होते. सरांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, फक्त पत्रिका पाहिली होती. पाहुणे व्यासपीठावर चढले, पत्रिकेकडे बघितलं, समोर बघितलं, आणि शाल नेऊन घातली ती सरांच्या मुलाच्या अंगावर! वर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सर, एवढ्या लवकर व्हीआरएस काहून घेऊन राहिलात?”

*

माझ्या शेजारच्या गाळ्यात शोभाताईंनी ब्यूटी पार्लर उघडलं. गावातलं पहिलंच म्हणा ना. सुरुवातीला बायका तिथे अशा यायच्या, की जणू चोरीचा माल घ्यायला आल्यात. माझ्या स्टुडिओच्या पुढच्या दाराने शिरायचं, मागच्या दाराने पार्लरमध्ये. कोणी विचारलं तर, “फोटो काढायला गेले होते!” फोटो मात्र कोणीच काढायचं नाही. त्या वर्षी माझा पुढचा उंबरा झिजला आणि धंदा शोभाताईंचा झाला.

त्यात मोंढ्यातल्या एका आडत्याची बायको होती. हळदीचा आडत्या. घरात, अंगणात, जिन्याखाली हळदीची पोती. यांच्या घरचा चहासुद्धा पिवळा, असं लोक म्हणायचे. ही बाई दर महिन्याला नांदेडहून हळदीच्या क्रीमची ट्यूब मागवायची आणि शोभाताईंकडून तोंडाला चोळून घ्यायची. वय दिसू नये म्हणून!

एकदा आडत्या तणतणत माझ्याकडे आला. “घरात पोत्यानं हळद, आन हिला ट्यूबातली पाहिजे! काहून?”

बाई मागच्या दाराने आली, तोंड पिवळं, केसांना रुमाल. नवऱ्याला म्हणाली, “पोत्यातल्या हळदीत तुमी काय मिसळता, ते मला ठावं हाय!”

पुढच्या महिन्यात आडत्या स्वतःच मागच्या दाराने शोभाताईंकडे मिशा काळ्या करायला जाऊ लागला.

*

एक शिक्षक जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फोटो काढायला आलं. फोटो झाला. बाई चप्पल घालायला म्हणून मागे राहिल्या आणि मला म्हणाल्या, “माझ्या चेहऱ्याची सफाई करा. ह्यांच्या सुरकुत्या राहू द्या. लोकांना फरक कळू द्या.”

पाच मिनिटांनी गुरुजी छत्री विसरली म्हणून परत आले. म्हणाले, “माझी जरा सफाई करा. हिचं राहू द्या. ती कपाळावरची आठी काढली तर ती हीच आहे, हे कोणाला पटायचं नाही.”

मी दोन्ही निरोप गफूरभाईंना दिले. गफूरभाईंनी दोघांचीही गुळगुळीत सफाई केली. फोटो न्यायला दोघं सोबत आले. गुरुजी फोटो बघून म्हणाले, “छान आहे. पण हे दोघं एकमेकांचे नवरा-बायको वाटत नाहीत. एवढी वर्षं संसार केला असता तर तोंडं अशी राहिली असती का?”

फोटो त्यांनी नेला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

*

पुढे मोबाईल आले, कॉम्प्युटर आले, आणि सुरकुत्या फोटोतून काढण्याऐवजी थेट तोंडातूनच काढायची सोय झाली. आमच्याकडच्या एका कापड दुकानदाराची बायको हैदराबादला भावाकडे म्हणून गेली आणि कपाळात इंजेक्शनं घेऊन आली. शोभाताईंनी मला समजावून सांगितलं, “त्यानं कपाळाच्या नसा झोपी जातात. आठी पाडायची म्हटलं तरी पडत नाही.” मी म्हटलं, एवढ्यासाठी हैदराबादला कशाला जायचं? सरकारी नोकरी करायची!

तिचं कपाळ फरशीसारखं गुळगुळीत झालं. राग आला तरी तसंच, हसली तरी तसंच. दुकानातली माणसं रडकुंडीला आली, कारण मालकीणबाई खूश आहेत की भडकल्यात ते कळायलाच मार्ग नव्हता.

आणि त्याच महिन्यात तिची सासू वारली. सासू दोन वर्षं अंथरुणावर होती, आणि या बाईने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सगळं मोलकरणीने केलं, हे अख्ख्या गल्लीला माहीत.

तेरवीला फोटो काढायला मला बोलावलं होतं. सेनगावहून नात्यातली एक म्हातारी आत्या जीपने आली. तिला हा इतिहास ठाऊक नव्हता. तिने सुनेची हनुवटी धरली, कपाळ न्याहाळलं आणि डोळ्याला पदर लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “दोन वर्सं सासूचं हागणं-मुतणं काढलं, पन पोरीच्या कपाळाला एक आठी न्हाई! अशी सून पाहून घ्या गं!”

मोलकरीण पत्रावळी उचलत होती. तिने त्या तशाच खाली टाकल्या आणि निघून गेली.

*

मी लोकांना हसतो, पण स्वतः सुटलोय असं नाही. एकदा गफूरभाईंनी माझाच फोटो सफाई करून शोकेसमध्ये लावला. माझी बायको डबा घेऊन आली, काचेसमोर थांबली आणि म्हणाली, “हे कोण? चांगले दिसतात. ह्यांना तरी वेळेवर घरी जेवायला येता येतं का विचारा.”

फोटो मी त्याच दिवशी शोकेसमधून काढून टाकला. ती जागा रिकामी झाली आणि तिथे साहेबांचा फोटो आला.

*

साहेब एका कचेरीत होते. कोणत्या, ते सांगत नाही, पेन्शन खात असतील बिचारे. वय चोपन्न. केस काळे कुळकुळीत. फोटोच्या दिवशी आधी मागच्या दाराने पार्लरमध्ये जाऊन तोंडाला वाफ घेऊन आले, मग स्टुलावर बसले.

पहिल्या प्रिंटला म्हणाले, “अजून थोडी सफाई.” दुसरीला म्हणाले, “अजून.” तिसरीला गफूरभाई भिंग काढून बाहेर आले. “साब, अब और किए तो मूँछां बी जाती!”

फोटो फारच खुलला होता. साहेबांनी एक कचेरीत खुर्चीच्या मागे लावला आणि दुसरा मोठ्या मनाने माझ्या शोकेसला दिला. फोटोतला माणूस तिशीचा होता. समोरून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरी थांबून बघायच्या. साहेबही थांबून बघायचे!

*

आता सोमलीबाई.

ती एका तांड्यावरची. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडीच म्हणायचो. नवरा कधीच वारलेला, मुलगा परमुलखात कामाला गेला तो तिकडचाच झाला. गुडघे गेल्यामुळे मजुरीही बंद. तिला निराधारांचा पगार लावून घ्यायचा होता. त्याला पासष्टीच्या पुढचं वय लागायचं, आणि जन्माचा कागद तिच्याकडे नव्हता.

“कागद कुठला भाऊ? मी जलमले तव्हा तांडा कोन्या शिवारात उतरला व्हता, ते बी मायला आठवत न्हवतं!”

म्हणजे वयाचा पुरावा एकच, तिचं तोंड. आणि पुरावा भक्कम होता. सुरकुत्यांच्या मधे कुठे कुठे चेहरा दिसायचा.

फोटो काढला. सफाई करा असं न म्हणणारं ते पहिलंच गिऱ्हाईक! गफूरभाईंना गहिवरून आलं. “बुढी ने मुँह से मांगी नै. इसका मैं मुफत में करता.” दोन तास पेन्सिल चालली. मीही अडवलं नाही. पुण्याचं काम करतोय असं वाटलं आम्हा दोघा गाढवांना! सोमलीबाईने फोटो पाहिले, हसली, म्हणाली, “ही तं माही धाकली बहीण दिसती.” ओढणीच्या टोकात बांधून घेऊन गेली.

आठ दिवसांनी ती परत आली आणि काउंटरवर हात आपटला.

“माह्या सुरकुत्या दे परत!”

मला काही कळेना. तिने फॉर्म पुढे केला. वर आमचा फोटो, खाली साहेबांचा लाल शेरा. अर्जदार महिला पन्नास वर्षांचीही दिसत नाही. अर्ज नामंजूर.

“मी म्हनलं, साहेब, मी इथं उभी हाय की! माह्याकडं पाहा! त्यो म्हने, तुह्याकडं पाहून सही करत नसतो मी, फोटोकडं पाहून करतो. शनिवारपस्तोर दुसरा फोटो आन, न्हाईतर पुढल्या वर्साला ये. पुढल्या वर्साला मी असन का रं?”

बाईचं जेवण आम्ही पेन्सिलीने खोडलं होतं. लाज वाटली, खरंच सांगतो.

तेवढ्यात तिची नजर शोकेसवर गेली. जवळ गेली, काचेला नाक लावलं. “हा त्योच व्हय?”

“तेच साहेब, याडी.”

“तिथं तं म्हातारा बसला व्हता! ह्याचा फोटो चालतो, मंग माहा काहून न्हाई चालत?”

मी गफूरभाईंकडे बघितलं. गफूरभाई टर्पेंटाईनची बाटली शोधायला लागले.

कापसाच्या बोळ्याने त्यांनी निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली. मी पुन्हा प्रिंट काढली. ट्रेमधल्या रसायनात कागद हलवत होतो तशी एकेक सुरकुती वर येत होती. सोमलीबाई शेजारी उभी राहून वाकून बघत होती आणि मान हलवत होती. “बराबर. ही बराबर. हीबी माहीच.” गफूरभाई जन्मात पहिल्यांदा कोणाचं तोंड जसंच्या तसं देत होते. घाबरून त्यांनी तिला विचारलं, “अम्मा, कुछ कम तो नै पडा?”

शुक्रवारी तिने फॉर्म दिला. साहेबांनी फोटो बघितला, तिच्याकडे न बघताच म्हणाले, “आता कसं!” आणि सही केली. पगार लागू झाला.

दोन-तीन महिन्यांनी सोमलीबाई नवा घागरा घालून आली. ओढणीची गाठ सोडून तिने एक पासपोर्ट फोटो काउंटरवर ठेवला. बघतो तर तो पहिला, सफाईवाला!

“हा मोठा करून दे. काचेत. भितीला लावायचा.”

मी म्हटलं, “याडी, हा कशाला? तो दुसरा करतो की मोठा. खरा तो आहे.”

“त्यो साहेबासाठी व्हता,” ती म्हणाली. “हा मी मेल्यावर हार घालायला.”

मी पावती फाडली. ती दारापर्यंत गेली, परत फिरली, फोटो हातात घेऊन उजेडात धरला आणि आतल्या पडद्याकडे बोट केलं.

“आन त्या गफूरला सांग, डोळ्याखाली जरा ऱ्हायलंय!”