नदीकाठचं कडवं

त्या पावसाळ्यात अर्धांगाच्या झटक्यानं बाची वाचा गेली आणि माझा देवीवरचा विश्वास उडाला. शिमग्याला आमच्या मांडावर, म्हणजे सणाच्या अंगणात, बा पूर्वजांचं गाणं म्हणायचा. गोव्यातून घाट चढून, देवीला टोपलीत घालून ते दिग्गीच्या या रानात कसे आले, त्याचं गाणं. ते पुरं झाल्याशिवाय देवीची टोपली उचलत नाहीत. बामागं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या शिमग्याला मीच उभा राहिलो. बाला पाठीशी उशी देऊन मांडाच्या कडेला बसवलं होतं. त्याच्या देखत गाणं तुटलं तर तो खचून जाईल, एवढीच मला धास्ती होती.

आमच्यात झेलकरी ओळीचा शेवटचा शब्द उचलून घोळवतात, पुढची ओळ सांगायची त्यांना मुभा नाही. गाण्यातली टोपली नदीकाठी आली आणि मला पुढचं काही आठवेना. झेलकरी आपले 'काठावरी, काठावरी' म्हणत राहिले. बा ओठ हलवत होता, आवाज फुटत नव्हता. मनात देवीला म्हटलं, आई, माझ्यानं होत नाही, आता तुझं तू बघ. प्रार्थना कसली, रागच होता तो.

तेवढ्यात बायकांतून एक थकलेला आवाज उठला. 'धाकल्यानं उचलली डोईवरी, थोरला ऱ्हायला दिव्यापाशी.' मांडावर बायका गात नाहीत. तरी झेलकऱ्यांनी 'दिव्यापाशी' उचललं आणि मला पुढचं सगळं आठवलं.

टोपली उठल्यावर मी त्या म्हातारीच्या पाया पडलो. ती गोव्याहून लेकीकडं आलेली, आमच्या गावात पहिल्यांदाच.

"मावशी, तुला हे कसं ठावं?"

"आमी भात लावताना म्हणतो न्हवं. आमी थोरल्याची, मागं ऱ्हायलेल्याची माणसं. तुमचं गाणं हितं येऊन संपतं, आमचं संपत न्हाई बाबा. धाकला पोचला काय, असं इचारतच ऱ्हातो."

बा ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं चालता हात उचलून टोपलीकडं बोट केलं, मग पायाखालच्या मातीकडं.

"व्हय," म्हातारी म्हणाली, "पोचला. सांगते घरी."

बाची वाचा परत आली नाही. मीही आता देवीशी त्यावरून भांडत नाही. ते कडवं मला पक्कं पाठ आहे, तरी दर शिमग्याला नदीकाठी येऊन मी गप्प राहतो. झेलकरी 'काठावरी' घोळवत राहतात, आणि बायकांतून कुणीतरी ती ओळ म्हणतं. तेवढा वेळ गाणं माझ्या हाती नसतं. तेव्हा फार बरं वाटतं, आई.